आधी आरसी बघा, मग इंजिन

परवा एक ओळखीचं पोरगं पेढे घेऊन घरी आलं. बारा वर्षांचा जुना पिकअप घेतला होता. समोर झेंडूचा हार, बंपरला लिंबू-मिरची. मी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "नावावर कधी झाली?"

पोरगं हसलं. "नाव कशाला भाऊ, बाँड केलाय ना. नोटरी हाय त्याच्यावर."

आरसीवर नाव कोणाचं? ज्यानं याला गाडी विकली त्याचंही नाही. त्याच्याही आधीच्या माणसाचं. वरून एका फायनान्सचा बोजा तसाच. गाडी दोनदा विकली गेली आणि सरकारी दप्तरात एकदाही हलली नाही. पैसे आईनं बचत गटातून उचललेले. पेढा हातात घेतला, पण अभिनंदन म्हणायला तोंड उघडेना.

स्पष्टच लिहितो. आपल्या जिल्ह्यात जुनी गाडी बाँडवर घ्यायची जी पद्धत पडली आहे, ती सरळसरळ गरिबाची फसवणूक आहे. एकट्या दलालाला शिव्या देऊन भागणार नाही. विकणारा, घेणारा, डोळे झाकणारी यंत्रणा आणि जाहिराती छापून गप्प बसणारे आम्ही पत्रकार, सगळे त्यात आहोत.

ही गाडी घेतो कोण? अंबड-घनसावंगीची मोसंबी, भोकरदनची मिरची, कडवंचीची द्राक्षं, मंठा-परतूरचा कापूस, हा माल ज्याच्या जिवावर हलतो तो पोरगा. नवी गाडी त्याच्या आवाक्यात नाही. 'जुनी घेऊच नको' असं त्याला सांगणं म्हणजे 'धंदाच करू नको' असं सांगणं. त्यानं जुनी घ्यावीच, पण तिचा मालक होऊन घ्यावी.

कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि फायनान्सचं ना-हरकत पत्र, म्हणजे बोजा उतरतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. यात बाँड कुठंच नाही. बाँड फार तर तुमच्या दोघांतल्या देवाणघेवाणीचा पुरावा. त्यानं मालकी बदलत नाही.

"एवढं काय होतंय त्यानं?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकावा लागतो. तर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेली, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. पैसे मोजून घेतले, चावी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकल्या आणि सुटलो असं वाटत असेल, तर तुम्ही सुटलेले नाहीत. कोणी कुठं माणूस उडवला तर नोटीस तुमच्या दारात येणार.

आणि घेणाऱ्याचं? गाडीचं नुकसान झालं तर विम्याची पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर. पोलिसांनी गाडी जमा केली तर सोडवायला आरसीवरचा मालक शोधत फिरा. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाले गाडी उचलायला आले तर त्यांना बाँड दाखवून बघा. पैसे तुमचे, घाम तुमचा, गाडी दुसऱ्याची.

आपल्याकडं गाडी बघायला जाताना मेकॅनिक सोबत नेतात, ते बरोबरच आहे. पण टायरला लाथ मारायच्या आधी पुढची कामं करा.

१. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाका. मालकाचं नाव, फिटनेस, विमा, कर, बोजा, सगळं बघा. ई-चलान किती थकलेत ते वेगळं तपासा. तीन-चार मिनिटांचं काम आहे.

२. फिटनेस बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, पुढं दरवर्षी काढावं लागतं. कलम ५६ नुसार फिटनेस नसलेली मालवाहू गाडी रीतसर नोंदलेली धरलीच जात नाही. 'फिटनेस काय, काढून देऊ' म्हणणाऱ्याला म्हणा, आधी काढ, मग बोलू. पंधरा वर्षं झाली म्हणून आपल्याकडं खाजगी माणसाची गाडी आपोआप भंगारात जात नाही, हेही लक्षात ठेवा. तो नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना आहे. तुमच्या गाडीचं भवितव्य फिटनेसवर ठरतं.

३. चेसी नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून डोळ्यांनी वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. तिथं ग्राइंडर फिरवल्याचा, नवा रंग मारल्याचा संशय आला तर गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी पाटी बसवली आहे का बघा, नाहीतर पुढं आरटीओत काम अडतं.

४. गाडी रिकामी घेऊन वजनकाट्यावर चढवा. जालन्यात काट्यांना तोटा नाही. आरसीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं. काटा दोन-तीन क्विंटल जास्त दाखवत असेल तर कमानपाटे वाढवलेत, बॉडी वाढवलीय, म्हणजे गाडीनं आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. मग खाली वाकून चेसीला वेल्डिंग शोधा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या जागी. बहुतेक वेळा सापडतं.

५. आता इंजिन. सकाळी थंड असताना सुरू करा. तुम्ही जायच्या आधीच बोनेट गरम असेल तर समजा, काहीतरी झाकलंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे पंप-नोझलचं किंवा हवेचं काम. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर इंजिन उतरवायची तयारी ठेवा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तोही खर्च मोठा. आणि रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. दहा क्विंटल माल टाकून चढावर न्या. गिअर उडतो का, क्लच घसरतो का, ब्रेक एका बाजूला ओढतो का, तिथं कळेल.

हल्ली शहरातला एखादा हौशी 'विंटेज' म्हणून जुन्या गाडीला जादा भाव सांगतो. त्यालाही नियम आहे. २०२१ च्या नियमानुसार विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची दुचाकी किंवा चारचाकी, आणि ती धंद्यासाठी किंवा रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा मोसंबी वाहायला विंटेज घेऊ नका, आणि पंधरा वर्षांच्या खटाऱ्याला विंटेजचा भावही देऊ नका.

आता माझ्याशी भांडणाऱ्यांसाठी. एक म्हणतो, "ट्रान्सफरला खर्च येतो, चकरा माराव्या लागतात." खरंय. अर्ज ऑनलाइन झाले तरी जाफराबादच्या खेड्यातलं पोरगं एजंटशिवाय पुढं सरकत नाही, हेही खरंय. म्हणून माझी मागणी आहे: तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो, त्यात महिन्यातून एक दिवस फक्त मालकी बदलायच्या कामासाठी ठेवा. फलक लावा, फी किती ते मोठ्या अक्षरात लिहा. गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना आरटीओकडं अधिकृत डीलर म्हणून नोंद करायचा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती यार्डांनी ती नोंद केली, त्याची यादी जाहीर करा. लग्नाकार्यात फिरणाऱ्या आमदार-खासदारांनी एकदा हाही प्रश्न विचारावा.

दुसरा म्हणतो, "आमच्यात विश्वास असतो." असतो ना. मग त्याच विश्वासावर निम्मे पैसे आरसीवर नाव चढल्यावर द्यायचे ठरवा. तयार झाला तर माणूस खरा. गाडी नंतर, आधी त्याची परीक्षा.

आणखी एक. मालवाहू गाडी घेतली की गावची जत्रा, लग्नाचं वऱ्हाड, कापूस वेचायला निघालेल्या बाया, सगळे मागं बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या बायांचा पिकअप दरीत गेला, ते आठवा. मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ सालीच आशा राणी प्रकरणात सांगितलंय. त्यात गाडीही बाँडवरची असेल, तर मेलेल्याच्या घरच्यांनी पैसे मागायचे कोणाकडं?

त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन बसलो. आरसीवरचा मूळ मालक परभणीकडचा निघाला. फोन लागला. माणूस भला, म्हणाला, "मी तर कधीच विकली, अजून माझ्याच नावावर हाय?" त्याच्या आवाजातली भीती मला फोनवर ऐकू आली. आता फायनान्सचं पत्र मिळवायचं, मग फॉर्म. महिना जाईल, दोन जातील. तोपर्यंत गाडी दारात उभी ठेव, असं मी त्याला सांगितलंय. बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच राहणार.

आपलं शहर भंगार वितळवून सळई बनवणारं. लोखंडाची पारख इथं शेंबड्या पोरालाही असते. कागदाची पारख तेवढी शिकूया. तुमच्या ओळखीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं असेल तर त्याला हे वाचून दाखवा. आणि तुमच्या दारात बाँडवरची गाडी उभी असेल तर उद्याच मूळ मालकाचा फोन नंबर शोधा. तो माणूस जिवंत आणि सही करायला तयार आहे, तोवरच हे काम सोपं आहे.