भर उन्हाळ्यातला नाताळ

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? बर्फाने झाकलेली घरे, धगधगती शेकोटी आणि जाडजूड लाल डगला घातलेला सांताक्लॉज! शुभेच्छापत्रांनी आणि चित्रपटांनी हे चित्र मनावर असे काही ठसवले आहे की, मुंबईच्या दमट हवेतही दुकानदार काचेआड कापसाचा बर्फ पसरतात. पण पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. ऑस्ट्रेलियातला २५ डिसेंबर म्हणजे आपल्याकडचा मे महिनाच समजा ना!

तेथे शाळांना मोठी सुट्टी लागलेली असते, ती थेट जानेवारीच्या अखेरीपर्यंत. बाजारात आंबे आणि चेरी आलेली असतात. नाताळची भेट म्हणून चक्क आंब्याची पेटी दिली जाते. मेलबर्न किंवा ॲडलेडमध्ये या दिवसांत पारा कधीकधी चाळिशी ओलांडतो. दिवस इतका मोठा की, घरांवरची रोषणाई पाहायला मुलांना रात्री नऊपर्यंत ताटकळावे लागते. अशा हवेत शेकोटीचा सण साजरा करायचा तरी कसा?

थाट दूरदेशीचा

ब्रिटिशांनी १७८८ मध्ये सिडनीला पहिली वसाहत केली, तेव्हा ते आपला सणही सोबत घेऊन आले. सण आला, पण त्याची थंडी मागेच राहिली. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही की ऋतू नाही. २५ डिसेंबरचा उत्सव रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाला. बर्फ, शेकोटी, गरमागरम जेवण हा सारा साज उत्तर युरोपातल्या कडाक्याच्या थंडीने त्याला चढवला. त्या थंडीत तो शोभतही होता. उबेसाठी सारे घर एका चुलीभोवती जमायचे, यातच सणाचा गोडवा होता.

ऑस्ट्रेलियात मात्र पिढ्यान्‌पिढ्या हाच थाट भर उन्हात चालू राहिला. ज्यांनी इंग्लंड कधी पाहिलेही नव्हते, तेही त्याला ‘घर’ म्हणत आणि घरच्यासारखाच नाताळ झाला पाहिजे, असा आग्रह धरत. भट्टीत मांस भाजायचे, बटाटे भाजायचे आणि सुक्या मेव्याचे पुडिंग कापडात बांधून पाच-सहा तास उकळायचे. त्या पुडिंगमध्ये चांदीचे छोटे नाणे दडवलेले असे. ज्याच्या वाट्याला नाणे येईल, तो भाग्यवान! १९६६ मध्ये दशमान चलन आले. नवी नाणी पुडिंगमध्ये घालण्याजोगी नव्हती, म्हणून अनेक घरांनी जुनी नाणी जपून ठेवली आणि दरवर्षी तीच पुन्हा वापरली.

घाम कुणाचा?

हे सारे ऐकायला मोठे गोड वाटते. पण जरा त्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. बाहेर ऊन मी म्हणत आहे, आत लाकडाची चूल पेटलेली आहे आणि घरची गृहिणी पहाटेपासून तिच्यापुढे उभी आहे. पाहुणे सावलीत बसून ‘वा, अगदी घरच्यासारखे!’ म्हणत ताव मारणार आणि तिच्या पानात येणार ते सर्वांत शेवटी. परंपरा साऱ्यांची, घाम मात्र एकटीचा. आपल्याकडच्या मैत्रिणींना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

हळूहळू बदल झाला. घरोघरी फ्रीज आले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस आणि पुढे आशियातील देशांतून माणसे आली, त्यांनी आपापल्या चवी आणल्या. आता कित्येक घरांत नाताळचे जेवण थंडच असते. आदल्या दिवशी करून ठेवलेले मांस, कोळंबी, कोशिंबिरी, फळे आणि क्रीम घातलेला ‘पावलोव्हा’. सिडनीचा मासळी बाजार नाताळच्या तोंडावर सलग ३६ तास उघडा असतो. अंगणात शेगडी पेटते आणि तिच्यापाशी बहुधा पुरुष उभे असतात. जेवण झाले की कुणी समुद्रावर पोहायला जाते, कुणी मुलांबरोबर क्रिकेट खेळते. दुसऱ्या दिवशी तर मेलबर्नची कसोटी असतेच. तीच ती ‘बॉक्सिंग डे’ कसोटी, जिच्यात २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेने शतक ठोकले होते.

म्हणून जुने सारे टाकून दिले, असेही नाही. आजोबांसाठी पुडिंग होतेच, फक्त ते काही आठवडे आधी, सवडीने करून ठेवतात. ज्यांना शेकोटीची फारच हौस, ते सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये जुलैच्या थंडीत जाऊन पुन्हा एकदा नाताळ करतात.

उन्हाळ्याने दिलेली देणगी

ऋतूशी जुळवून घेतले की सण उणा होत नाही, उलट काही वेळा त्यात भरच पडते. मेलबर्नमधील नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३७ च्या नाताळच्या आदल्या रात्री काम आटोपून घरी जाताना त्यांना एका खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात एक वृद्धा दिसली. ती एकटीच रेडिओवरच्या नाताळगीतांत आपला सूर मिसळत होती. अशी एकाकी माणसे किती असतील, या विचाराने त्यांनी पुढच्याच वर्षी लोकांना एका बागेत बोलावले. सुमारे दहा हजार माणसे हातात मेणबत्त्या घेऊन रात्री उघड्या आकाशाखाली गायली. बर्फाच्या देशात हे कसे जमले असते? आज ऑस्ट्रेलियाभर असे कार्यक्रम होतात. वणव्याच्या भीतीने आता बऱ्याच ठिकाणी मेणबत्त्याही बॅटरीच्या असतात.

ऋतूकडे पाठ फिरवली, तर मात्र किंमत मोजावी लागते. उत्तर ऑस्ट्रेलियात हे दिवस चक्रीवादळांचे. १९७४ मध्ये डार्विन शहराला ‘ट्रेसी’ वादळाचे इशारे मिळाले होते. पण त्याच महिन्यात आधीचे एक वादळ हूल देऊन गेले होते आणि लोक सणाच्या धामधुमीत होते. पुष्कळांनी इशारे मनावर घेतले नाहीत. नाताळच्या पहाटे शहर जमीनदोस्त झाले आणि ६६ जणांचे प्राण गेले.

आपली संक्रांतही तशीच

मेलबर्न, सिडनीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपुढेही हाच प्रश्न उभा असतो. तिकडे दिवाळी येते वसंतात आणि गुढीपाडवा येतो पानगळीच्या ऋतूत. संक्रांतीची तर गंमतच! आपण थंडीत अंगात ऊब यावी म्हणून तीळगूळ खातो, बाजरीची भाकरी करतो आणि दिवस तिळातिळाने वाढतो असे म्हणतो. तिकडे त्याच दिवशी लाही लाही होत असते आणि दिवस तिळातिळाने लहान होत असतो. तरीही हळदीकुंकू होते, गोड बोलण्याची आठवण दिली जाते. तीळगुळाचा एक दाणा जिभेवर पडला तरी संक्रांत साजरी होते, मग लाडवांचे डबे भरले नाहीत म्हणून काय बिघडले?

परदेशी कशाला, आपल्याच घरात पाहू या. भर मे महिन्यातल्या लग्नात सुटाबुटातला नवरदेव आणि भरजरी शालूतली नवरी घामाने निथळत उभी असते. सणावारी चार जणींचे काम एकटीवर पडते आणि ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून सारे गप्प बसतात. जे प्रेमाने जपले आहे, ते अवश्य जपावे. पण रीत पाळण्याचा आनंद सर्वांचा आणि कष्ट एकाचे, असे होत असेल, तर त्या रीतीत थोडा बदल करायला काय हरकत आहे? आपल्या घरातला पुढचा सण येण्यापूर्वी सारे जण एकत्र बसा आणि जी रांधते, तिलाच आधी विचारा, ‘यातले काय ठेवू या आणि काय सोडू या?’