कागदाची स्पर्धा शेतात जिंकावी लागेल

कागदाच्या आयात-निर्यातीविषयी एका कीटकशास्त्रज्ञाने लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु भारत आणि इंडोनेशिया यांच्या कागद व पुठ्ठा व्यापाराची गेल्या चार दशकांतील वाटचाल शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर तिचे मूळ लाकूड पिकविणाऱ्या जमिनीपर्यंत पोहोचते.

इंडोनेशियाने 1985 मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. पुढे सुमात्रा बेटावर मोठ्या कंपन्यांना वनजमिनी मिळाल्या आणि अकेशिया मँजियमची विस्तीर्ण लागवड उभी राहिली. लागवड आणि लगद्याचा कारखाना एकाच व्यवस्थापनाखाली आले. आज तो देश लगदा व कागदाचा मोठा निर्यातदार आहे. भारताने निराळी वाट धरली. कारखान्यांनी कच्च्या मालासाठी शक्यतो उत्पादकांशी थेट संबंध जोडावेत, असे 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने सुचविले. आंध्र प्रदेश, तेलंगणा व तमिळनाडूतील शेतकऱ्यांनी निलगिरी, सुबाभूळ आणि सुरूची लागवड केली. आपल्या उद्योगाची उरलेली गरज मुख्यतः रद्दी आणि उसाचे चिपाड भागवतात.

आसियान देशांशी झालेला मुक्त व्यापार करार 2010 मध्ये अमलात आला आणि तेथून येणाऱ्या बहुतेक कागदावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. 2018 मध्ये इंडोनेशियासह तीन देशांच्या कॉपियर कागदावर अँटी-डम्पिंग शुल्क लागले. 2022 पासून कागद आयातीची पूर्वनोंदणी सक्तीची झाली. हे उपाय आवश्यक असतील. मात्र त्यांचा प्रभाव बंदरापाशीच संपतो.

किडीला बंदर अडवत नाही. सुबाभळीवरील सायला ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील कीड 1986 मध्ये इंडोनेशियात आणि 1988 मध्ये, म्हणजे आपली वननीती जाहीर झाली त्याच वर्षी, भारतात पोहोचली. दोन्ही देशांनी तिच्याविरुद्ध क्युरिनस सेरुलियस हा एकच मित्र भुंगेरा आणला. पुढे निलगिरीच्या पानांवर व देठांवर गाठी करणारी लेप्टोसायबी इन्व्हेसा ही सूक्ष्म गांधीलमाशी आली. तिचा सर्वाधिक फटका रोपवाटिका आणि कोवळ्या लागवडीला बसला.

येथे दोन्ही देशांतील खरा भेद दिसतो. सुमात्रात अकेशिया रोगग्रस्त झाली, तेव्हा कंपन्यांनी निलगिरीकडे वळून नुकसान पचविले. लाकडासाठी चार-पाच वर्षे थांबणाऱ्या दोन एकरांच्या शेतकऱ्यास ती सवड नसते.

म्हणून इंडोनेशियाचा हेवा करावा, असे नाही. तेथील नैसर्गिक अरण्याचा ऱ्हास आणि 1997 व 2015 मधील वणवे ही त्या मार्गाची किंमत आहे. आपला मार्ग अधिक न्याय्य आहे. परंतु तो टिकवायचा, तर जोखीम एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. कारखान्यांनी एकाच क्लोनवर विसंबू नये. रोपे तपासणी करूनच रोपवाटिकेबाहेर पडावीत. मित्रकीटकांच्या संवर्धनास स्थायी निधी मिळावा. आयात होणाऱ्या प्रत्येक खेपेची नोंद आपण ठेवू शकतो, तर शेतातील पहिल्या गाठीचीही नोंद ठेवता आली पाहिजे.