एक्सएमएलमध्ये ‘जर-तर’ लिहू नका!

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि डोक्यात अजून कालचाच राग. तो इथे ओकून मोकळा होतो.

आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सवलतीचे नियम एका एक्सएमएल फाइलीत आहेत. तीन वर्षांपूर्वी तिच्यात फक्त टक्केवारी होती. मग कुणाला तरी ‘जर’ हवा झाला. मग ‘नाहीतर’. मग ‘प्रत्येक ग्राहकासाठी’... आज तिथे एक अख्खी प्रोग्रामिंगची भाषा नांदतेय. तिला ना डीबगर, ना मॅन्युअल, आणि जन्मदाता केव्हाच नोकरी सोडून गेलाय. काल एक चुकीचं बिल का निघालं हे शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजले.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉन्फिग फाइलीत पहिला ‘जर’ आला की थांबा, आणि एखादी तयार स्क्रिप्टिंग भाषा आत बसवा.

ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठातल्या मंडळींना हे १९९३ मध्येच कळलं होतं. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी त्यांनी डेल आणि सोल अशा दोन चिमुकल्या भाषा केल्या होत्या, माहिती मांडण्यापुरत्या. वापरणाऱ्यांना अटी हव्या झाल्या, लूप हवे झाले. मंडळींनी ठिगळं लावली नाहीत. दोन्ही बाजूला ठेवून एक पूर्ण भाषा लिहिली. सोल म्हणजे सूर्य, म्हणून हिचं नाव चंद्र: लुआ. पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचे अ‍ॅडऑन तिच्यात लिहिले गेले, आणि २०१२ मध्ये रेडिसनेही तिला आत घेतलं.

“पण युझरने वेडंवाकडं काही लिहिलं तर?” हा प्रश्न मीटिंगमध्ये हमखास येतो. अहो, लुआला कुठल्या लायब्ररी द्यायच्या हे तुमचा प्रोग्रॅम ठरवतो. फाइलींची दिलीच नाही, तर स्क्रिप्ट फाइल उघडणार कशी? लूप संपतच नसेल तर ठरावीक सूचनांनंतर हुक लावून तो तोडता येतो. आमच्या घरगुती भाषेत यातलं काय आहे? शून्य!

दहा साध्या सेटिंग्ज असतील तर खुशाल साधी फाइल ठेवा, तिथे लुआ घुसडू नका. पण “आत्ता फक्त एकच अट घालू” असं कुणी म्हणालं, तर समजा की तुम्ही नवी भाषा लिहायला बसलात. तीही न ठरवता.

असो. सोमवारी मी हे मीटिंगमध्ये मांडणार आहे. तुमच्याकडच्या फाइलीत ‘जर’ शिरलाय का, तेवढं बघून ठेवा.