घराण्याचा इतिहास माळ्यावर कुजतो आहे

आपल्या सीमाभागात कुलवृत्तांत छापण्याची हौस वाढीस लागली आहे. मुखपृष्ठावर ढालतलवार आणि पहिल्याच पानावर मूळ पुरुष कोणा सरदाराच्या पदरी होता अशी ग्वाही! पुरावा विचारावा, तर 'वडीलधारे सांगत' एवढेच उत्तर. ज्यास पणजोबांचे नाव धड सांगता येत नाही त्याने थेट पानिपतापर्यंत उडी मारावी, हा कोणता इतिहास?

खरा कुलवृत्तांत फेरफाराच्या वहीत आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीस आरंभ झाला, आणि खातेदार वारला की वारसांची नावे वहीत चढू लागली. उताऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून मागे मागे जावे. भाऊवाटणी कधी झाली, शेत कोणाकडे गहाण पडले, कोणत्या विधवेच्या नावे खाते राहिले, हे तलाठ्याच्या रुक्ष ओळीत सापडते. त्याहून मागे वतनाचे आणि इनामाचे कागद आहेत. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा इनामदारांना आपली वंशपरंपरा मांडावी लागली होती.

दप्तर सर्वज्ञ आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. आजोबा-नातवाचे नाव एकच, आडनाव गाळलेले, मुलींचा उल्लेख विरळा; ज्यास जमीनच नव्हती तो तर या वह्यांत बहुधा दिसतच नाही. म्हणून एकाच नोंदीवर घराणे उभारू नये.

स्थळाचाही विवेक हवा. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आज तो कोल्हापुरात आहे. चंदगडकराने कोल्हापुरातच शोधून निराश होऊ नये.

त्याच वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि कालांतराने येथील उतारे कन्नडात आले. त्याविषयीचे आमचे मत वाचकांस ठाऊक आहे. परंतु आजोबांचे मोडी रुमाल आपल्याच माळ्यावर वाळवी खात असतील, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जात असतील, तर तो दोष बंगळूरच्या माथी मारता येईल काय? मराठीचा अभिमान सभेत गर्जणाऱ्यांपैकी मोडीची एक ओळ वाचू शकणारे किती?

वाचनालयांनी मोडीचे वर्ग उघडावेत. घरचे कागद कोरड्या जागी कापडात बांधून ठेवावेत. कचेरीत सर्व्हे नंबर आणि गावाचे नाव घालून जुन्या नोंदीच्या नकलेसाठी रीतसर अर्ज करावा, त्याची पोच घ्यावी. आणि कारकुनाने 'दप्तर सापडत नाही' म्हटले, तर ते त्याच्याकडून लिहून मागावे.