टोळीनायक गेला म्हणजे टोळी जात नाही

संपादक महाशयांस,


मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या व्यापाराविषयी गेल्या अंकातील पत्रात, फौज उभी करून टोळीनायकांस जेरबंद केले की हा व्यापार संपुष्टात येईल, असे जे प्रतिपादन आहे, ते त्या देशाच्या अनुभवाशी सर्वथा विसंगत आहे. डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मिचोआकान प्रांतात लष्कर धाडले, तेव्हापासून अनेक नायक पकडले वा मारले गेले, परंतु वारंवार वारसांत यादवी माजून रक्तपात वाढलाच. जुलै २०२४ मध्ये सिनालोआ टोळीचा नायक इस्माएल साम्बादा अमेरिकेच्या कैदेत गेल्यावर सप्टेंबरपासून सिनालोआच्या कुलियाकान शहराची जी दैना झाली, ती पत्रलेखकांच्या दृष्टीस पडू नये याचा खेद वाटतो. माल उत्तरेकडे जातो, तशी अमेरिकी दुकानांतील शस्त्रे आणि रोकड दक्षिणेकडे येते. या उलट्या रहदारीविषयी त्यांनी अवाक्षर काढलेले नाही. २०१४ साली इग्वाला येथे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले, त्या प्रकरणात तर स्थानिक पोलीसच टोळीशी संगनमत करून होते. सरकारदरबारी लाखाहून अधिक माणसे बेपत्ता म्हणून नोंदलेली असता आणि तपासाच्या अंमलदारांचेच हात बरबटलेले असता, त्यांच्या हाती अधिक बंदुका देण्याची ही सूचना मला अत्यंत घातक वाटते.

आपला,
एक वाचक