भिंगाच्या कडेची चौकशी करा : ओझरहून आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



मोतीबिंदूच्या शिबिरांनी महाराष्ट्रात मोठे काम केले. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांमुळे असंख्य गरिबांना पुन्हा दिसू लागले. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. तेव्हा शस्त्रक्रियांचा वेग कमी होता कामा नये. माझे म्हणणे शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांबद्दल आहे.

आमच्या ओझर-निफाडकडे ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना काही काळाने पुन्हा धूसर दिसू लागते. "मोतीबिंदू परत आला," असे म्हणून ते घरी बसून राहतात. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. द्राक्षाची साल ठेवून आतला गर काढावा, तसे डॉक्टर नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या काठाशी काही पेशी उरतात. त्या वाढत पिशवीच्या मागच्या पडद्यावर सरकल्या की तो गढूळ होतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात पाच वर्षांत सुमारे २८ टक्के डोळ्यांत हे आढळले होते.

यावर भिंगाच्या रचनेतच मोठा उपाय सापडला आहे. भिंगाची मागची कड गोल असेल, तर पेशी सहज आत सरकतात. ती चौकोनी, म्हणजे काटकोनी आणि धारदार असेल, तर पिशवी तिच्यावर घट्ट ताणली जाते आणि पेशींची वाट अडते. ही कड भिंगाभोवती सलग हवी, कारण भिंगाला आधाराचे पाय जुळतात तिथे ती तुटली, तर पेशी तिथूनच शिरतात. घडी होणाऱ्या महाग भिंगांपुरतीच ही सोय आहे, असेही नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या अभ्यासात, साध्या पीएमएमए प्लास्टिकच्या भिंगाला चौकोनी कड दिल्यावरही पडदा गढूळ होण्याचे प्रमाण घटले.

हे पत्र ओझरहून लिहिण्याला एक कारण आहे. आमचे गाव विमानांच्या कारखान्याचे, आणि डोळ्यातल्या भिंगाचा जन्मही विमानाशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले, तरी डोळ्यांनी ते सोसले, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी हेरले आणि १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचे पहिले भिंग बसवले. विमानाच्या सुट्या भागाची कड मिलिमीटरच्या अंशापर्यंत तपासली जाते. डोळ्यात आयुष्यभर राहणाऱ्या भिंगाचीही तशीच तपासणी व्हावी, एवढेच आम्ही मागतो.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, सरकारी खरेदीच्या निविदेत किमतीबरोबर सलग चौकोनी कडेची अट स्पष्ट लिहा. दुसरी, रुग्णाच्या कार्डावर भिंगाची शक्ती, प्रकार आणि कड मराठीत नोंदवा, आणि "पुन्हा धूसर दिसले, तर तपासणीला या" ही सूचना ठळक छापा. तिसरी, कड कितीही चांगली असली तरी काही डोळ्यांत पडदा गढूळ होणारच, म्हणून यॅग लेझरची सोय ग्रामीण भागाच्या आवाक्यात आणा. या लेझरने गढूळ पडद्याला मधोमध वाट करून देतात. चीर नाही, टाके नाहीत, काही मिनिटांत काम होते. डोळ्याचा दाब वाढणे किंवा क्वचित दृष्टिपटल सुटणे, असे धोके असल्याने ते नेत्रतज्ज्ञांनीच करावे आणि नंतर तपासणीही व्हावी.

शिबिराचे यश त्या दिवशी झालेल्या शस्त्रक्रियांच्या आकड्यावरून मोजू नका. पाच वर्षांनी त्या माणसांना किती दिसते, ते मोजा आणि तो आकडा दरवर्षी जिल्हावार जाहीर करा.

आपला,
ओझर (जि. नाशिक) येथील एक नागरिक