हवेलाही इतिहास असतो

शाळेतील कोणत्याही मुलाला विचारा, हवेत काय असते? नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, असे उत्तर लगेच मिळेल. उत्तर बरोबर आहे, गुणही पूर्ण मिळतात. पण हे आकडे आले कुठून, हे मुले विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. मग हवा ही पृथ्वीला आयती मिळालेली, कधीही न बदलणारी वस्तू आहे, असा समज घेऊनच मुले शाळेबाहेर पडतात. हा समज दूर करणे शाळेचे काम आहे, असे आम्हाला वाटते.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. सुरुवातीचे हायड्रोजन, हेलियम हे हलके वायू अवकाशात निसटून गेले. नंतर ज्वालामुखींतून पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन बाहेर पडत राहिले. वाफ थंड होऊन समुद्र झाले. बराचसा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पुढे चुनखडकांत अडकला. नायट्रोजन सहसा कशाशी संयोग पावत नाही, म्हणून तो हवेत साठत गेला. मोकळा ऑक्सिजन मात्र जवळजवळ नव्हताच. तो तयार केला डोळ्यांना न दिसणाऱ्या नील-हरित जीवाणूंनी, सूर्यप्रकाशात अन्न बनवता बनवता.

या कथेची साक्ष आपल्या गोव्याच्या मातीत आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांपासून बनले, ते २०० कोटी वर्षांहून जुने असून समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. पावसाळ्यात खिडकीचे गज गंजतात ना? अनेक शास्त्रज्ञांच्या मते तसेच काहीसे त्या समुद्रांत घडले. पाण्यात विरघळलेल्या लोहाने नवा ऑक्सिजन शोषला आणि ते थराथरांनी तळाशी बसले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेत टिकू लागला. पुढे त्यातूनच ओझोनचे छत्र तयार झाले आणि जमिनीवर जीवसृष्टी फोफावली. आपल्यातील कित्येक घरांची चूल ज्या खनिजावर पेटली, त्याची ही ओळख मुलांना असू नये का?

त्या काळच्या अनेक जिवांना ऑक्सिजन हे विषच होते. त्यांच्यासारखे जीव आज खारफुटीच्या काळ्या, कुजका वास येणाऱ्या चिखलात, जिथे हवा पोचत नाही तिथे तग धरून आहेत. हवा बदलली की कोण तरेल आणि कोण हटेल, हे असे ठरते.

“हवा पूर्वीही बदलत होती, मग आताच एवढी ओरड का?” असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर वेगात आहे. शेवटचे हिमयुग ओसरताना हवेतील कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे ८० भागांनी वाढला. त्याला हजारो वर्षे लागली. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हे प्रमाण ३१५ च्या आसपास होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. म्हणजे १०० हून अधिक भागांची वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली. जीवाणूंना आपण काय करतो आहोत हे ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. ओझोनला भोक पडल्याचे १९८५ मध्ये जाहीर झाले आणि दोनच वर्षांत माँट्रियल करार झाला. कळले की वळवता येते, याचे हे उदाहरण आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. शाळेच्या व्हरांड्यात ४५ फुटांची एक पट्टी रंगवावी. एक फूट म्हणजे १० कोटी वर्षे. आपल्या टोकापासून २४ फुटांवर ऑक्सिजन येईल आणि सुमारे तीन लाख वर्षांचा मानव एक मिलिमीटरही भरणार नाही. शेजारी पट्टेदार खडकाचा एक तुकडा ठेवावा, खाली मराठीत माहिती लिहावी. खर्च रंगाच्या दोन डब्यांचा. “अभ्यासक्रमात नाही” ही सबब इथे चालू नये. शिक्षकांनी हवेच्या पाठाचे दोन तास या पट्टीसमोर घ्यावेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, ७८ आणि २१ पाठ करा, पण त्यापुढे “कधीपासून?” हा प्रश्न विचारायला विसरू नका.